पत्ता आधी

सून : ...आणि मग अध्यक्ष तुमच्याकडे वळतील. विचारतील, नव्या सिस्टिमबद्दल वापरणाऱ्यांचं काय म्हणणं आहे. तुम्ही फक्त म्हणायचं, आमची तयारी आहे. एवढंच.

बाई : एवढंच कसं? दोन शब्द बोलायला नकोत?

सून : नकोत, बाई. तुमच्या दोन शब्दांत सगळ्यांचा चहा गार होतो.

बाई : गेल्या वेळी मी बोलले तेव्हा कमिटीतला तो हिशेबवाला डोळे पुसत होता.

सून : त्याला सर्दी होती.

बाई : असेल. बरं, घरी मला आई म्हणतेस आणि या इमारतीत पाऊल टाकलं की बाई. मला अजून चुकल्यासारखं होतं.

सून : इथे सगळेच तुम्हाला बाई म्हणतात. मी एकटीने आई म्हटलं, तर लोक म्हणतील, सुनेचं प्रोजेक्ट आणि सासूची मान्यता. आधीच कुजबुज आहे.

बाई : कुजबुजणाऱ्यांना सांग, मी सासू झाले फार नंतर. त्याच्या आधीपासून अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेत होते. निम्मं शहर मी आवाजावरून ओळखायचे.

सून : म्हणून तर तुम्हाला घेतलं. ड्यूटीवरच्या मुलींना डेमोला सोडायला कुणी तयार नव्हतं. त्या वर आल्या तर खाली फोन कोण घेणार? आणि आमच्या पद्धतीत वापरणारं माणूस प्रत्येक डेमोला समोर बसलेलं लागतं.

बाई : बसले ना मी. एक तरी चुकवला? डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काळा चष्मा लावून आले होते. तुमच्या त्या चष्मेवाल्या पोराने विचारलं, बाई, स्क्रीन दिसतोय का? म्हटलं, स्क्रीन नाही दिसत, पण तू घाबरलायस ते दिसतंय.

सून : तो अजून सांगतो ते सगळ्यांना.

बाई : स्प्रिंट म्हणता म्हणे तुम्ही दोन डेमोंमधल्या त्या पंधरवड्याला. धावायची शर्यत, आणि धावायची खुर्चीत बसून.

सून : बाई, ऐका ना. आज थट्टा नको. याआधीची सिस्टिम आठवते? वर्षानुवर्षं बंद खोलीत बसून बनवली. कपाटभर कागद लिहिले. आणि उघडली तेव्हा ती कुणालाच नको होती. तेव्हा मी कमिटीसमोर उभी राहून म्हटलं होतं, माझ्यावर सोपवा. थोडं थोडं बनवू, दर पंधरा दिवसांनी दाखवू, चुकलं तर तिथल्या तिथे बदलू. आज कमिटीने हो म्हटलं की सोमवारी सकाळी खालच्या सगळ्या मुली नव्या सिस्टिमवर.

बाई : आणि नाही म्हटलं तर?

सून : टीम फुटेल. पोरं दुसऱ्या कामांवर जातील.

बाई : पोरांचं नाही विचारत. तुझं?

सून : अध्यक्षांनी सांगून ठेवलंय. तारीख आणखी एकदा हलली, तर प्रमुख बदलायचा.

बाई : हे तू घरी बोलली नाहीस.

सून : घरी काय बोलायचं? तुम्ही हो म्हणणारच होता.

बाई : ते म्हणणारच आहे. दार वाजतंय बघ. बोलावणं आलं वाटतं.

सून : एवढ्यात? अजून चहा चाललाय त्यांचा. कोण आहे? या.

धाकटी : मॅडम, दोन मिनिटं होती का? अरे. बाई इथेच आहेत होय.

बाई : ये गं धाकटे. बघू तरी. केस पिकवलेस, कंट्रोल रूमच्या शिफ्टची प्रमुख झालीस, आणि मी आपली अजून धाकटीच म्हणते.

धाकटी : दुसरं काही म्हटलंत तर मी वळूनसुद्धा बघणार नाही, बाई. डोळा कसा आहे आता?

बाई : डोळा ठीक आहे. तू का अशी दिसतेस?

धाकटी : कुठे काय. मॅडम, मी नंतर येते.

सून : नंतर म्हणजे कधी? मी आता बैठकीत जाईन. काय होतं?

धाकटी : ते... कालच्या ट्रायलचं.

सून : ट्रायल पास झाली. रिपोर्ट कमिटीकडे गेलाय.

धाकटी : हो. कळलं. तेच म्हणजे... असू दे. मॅडम, तुम्ही आणि मी बोलू ना. बाई दमल्या असतील.

बाई : बाई खुर्चीत बसलीय, दमायला काय झालं? आणि मी काय परकी आहे?

धाकटी : तसं काही नाही, बाई.

बाई : तुझं 'तसं काही नाही' मला पाठ आहे. नोकरीला लागलीस त्याच महिन्यात अंगात सणसणून ताप होता आणि फोन घेत बसली होतीस. काय होतंय गं, विचारलं, तर म्हणे तसं काही नाही, बाई. आणि पुढच्या फोनला तोंडावर आपटलीस. बोल. काल काय झालं? गाडी गेली की नाही?

धाकटी : गेली.

सून : वेळेत गेली. वेळेच्या आत.

बाई : हिला बोलू दे. गाडी कुठे पोचली, धाकटे?

धाकटी : आपल्याकडे.

बाई : आपल्याकडे कुठे?

धाकटी : खाली, बाई. कंट्रोल रूमच्या दारात. ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन आत आला आणि म्हणाला, पेशंट कोण? चहावाला म्हणाला, मी नाही.

बाई : अगं बाई. चहावाला म्हणाला?

सून : हसू नका, आई.

बाई : हसू नको तर काय करू? गाडी बोलावणाऱ्यांच्याच दारात गाडी. फोन कुठून होता?

धाकटी : मोठ्या रस्त्यावरून. चष्मेवाले साहेब स्वतः जाऊन थांबले होते तिकडे, शहराबाहेर. त्यांनीच फोन लावला, अपघात झालाय म्हणून. आता फोन आला की माणूस कुठे उभा आहे ते आपोआप नकाशावर येतं. निळा ठिपका. आमच्या मुलीला ठिपका दिसत होता, अगदी स्पष्ट. पण स्क्रीन पुढे जाईना.

बाई : का?

धाकटी : पत्त्याची चौकट रिकामी होती.

बाई : मग पत्ता विचारायचा.

धाकटी : विचारला. त्यांना सांगता येईना. मोठ्या रस्त्यावर काय पत्ता असणार? आणि चौकट भरल्याशिवाय सिस्टिम पुढे सोडत नाही. घड्याळ पळत होतं. तिने घाबरून जो पत्ता तोंडपाठ होता तो टाकला. आपल्या ऑफिसचा. आणि सिस्टिम ठिपक्यापेक्षा लिहिलेल्या पत्त्यावर जास्त विश्वास ठेवते.

सून : तसं ठरलं होतं. दुसऱ्याच डेमोत ठरलं. बाईंनी सांगितलं होतं, पत्ता आधी, बाकी सगळं नंतर. पत्त्याशिवाय पुढे जाऊच द्यायचं नाही. पोरांनी ते मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलंय.

बाई : मग, बरोबरच आहे ते. तो माणूस...

सून : बाई, तो माणूस आम्हाला माहीत आहे.

बाई : माहीत असला तरी ऐक. माझ्या शेजारच्या टेबलावर आला होता तो फोन. बायकोला कळा सुटल्या होत्या. किती भलं बोलत होता बिचारा. कधीपासून दुखतंय, काय खाल्लं, आधीच्या खेपेला काय झालं होतं. टेबलावरची ती मुलगी धीर देत ऐकत होती. आणि लाइन तुटली. कुठून बोलत होता, कुणाला ठाऊक. आम्ही सगळ्या त्या फोनकडे बघत बसलो, पुन्हा वाजेल म्हणून. नाही वाजला. त्यानंतर मी नियम केला. आणि त्या नियमाने किती माणसं वाचली, ते या धाकटीला विचार.

धाकटी : खरं आहे, मॅडम. खूप वाचली.

बाई : झालं तर मग. एका मुलीने हलगर्जीपणा केला. तिला पुन्हा शिकवा. त्यासाठी सोमवार कशाला अडवायचा?

धाकटी : एक नाही, बाई.

बाई : म्हणजे?

धाकटी : सरावात सगळ्याच असं करतात. कुणी टिंब टाकतं. कुणी स्वतःच्या घरचा पत्ता. एकीने नवऱ्याच्या दुकानाचा टाकला होता.

सून : आणि हे मला आज कळतंय? मी दर पंधरा दिवसांनी तुम्हा सगळ्यांना मेल पाठवत होते. काय बनवलं, काय बदललं, शंका असल्यास कळवा. एकीचंही उत्तर आलं नाही. एकीचंही नाही.

धाकटी : मेलच्या खाली एक ओळ असायची, मॅडम.

सून : कोणती?

धाकटी : 'बाईंनी पाहिलं आणि मान्य केलं.' ती वाचल्यावर आम्ही काय कळवणार? आम्हाला फोन उचलायला बाईंनी शिकवलं. बाईंना चुकलात म्हणायचं, आणि तेही मेलवर?

सून : बाई?

बाई : ऐकतेय. मला एक सांग, सूनबाई. तुझ्या रिपोर्टात हे काय म्हणून लिहिलंय? गाडी दारात आली, हे?

सून : रिपोर्टात गोष्टी नसतात. निकष असतो. दिलेल्या पत्त्यावर गाडी ठरलेल्या वेळात पोचली पाहिजे. पोचली. बोर्डवर हिरवा रंग.

बाई : पोचायचीच. शेजारच्या आवारात तर उभी असते. तुला कधी कळलं?

सून : काल संध्याकाळी.

बाई : आणि तरी हिरवं?

सून : निकष कमिटीने मंजूर केलेला आहे. मी माझ्या मनाने हिरव्याचं लाल करू शकत नाही.

बाई : मग कुणी करायचं?

सून : कमिटीने.

बाई : आणि कमिटी कुणाला विचारणार?

सून : तुम्हाला.

बाई : छान. आंधळी कोशिंबीर आहे नुसती. सगळ्यांचेच डोळे बांधलेले. पण मला अजून पटत नाही. पत्ता कुणाकडूनही काढता येतो. काढणारा पाहिजे. तो हातखंडा असतो. धाकटे, खोटा फोन लाव.

धाकटी : आत्ता? इथे?

बाई : इथेच. मी फोन घेते, तू अपघातातली. पूर्वी तुम्हाला शिकवताना मी उलट्या बाजूला असायचे, एवढाच फरक.

सून : आई, वेळ नाही.

बाई : चहा पिऊ दे त्यांना. आणि धाकटे, आपला नियम लक्षात आहे ना? खोट्या फोनात मान ठेवायचा नाही. मान ठेवून कुणी मदत मागत नाही. हं. कर सुरू. हॅलो, अ‍ॅम्ब्युलन्स. पत्ता सांगा.

धाकटी : हॅलो, गाडी पाठवा. आमची गाडी उलटली. माझा भाऊ आहे, उठत नाहीये.

बाई : पाठवते. पत्ता सांगा.

धाकटी : रस्त्यावर आहे मी. मोठा रस्ता आहे.

बाई : रस्त्याचं नाव काय?

धाकटी : नाव... मोठा रस्ता, गावाबाहेरचा.

बाई : आसपास काय दिसतं? दुकान, शाळा, पूल?

धाकटी : काही नाही. कठडा आहे. लांबच लांब कठडा. ट्रक चाललेत. कुणी थांबत नाही.

बाई : कुठून निघाला होता तुम्ही?

धाकटी : घरून. पण किती वेळ झाला ते माहीत नाही, मी मागे झोपले होते. भाऊ चालवत होता.

बाई : कुठे निघाला होतात?

धाकटी : मावशीकडे.

बाई : मावशीचा पत्ता सांगा.

धाकटी : मावशीचा? मावशीला काय झालंय? मावशी धडधाकट आहे.

बाई : ताई, शांत व्हा. मला पत्ता लागेल.

धाकटी : तुम्हाला दिसत नाही का? फोनवरून दिसतं म्हणतात. परवा मी बागेत बसून जेवण मागवलं तर तो माणूस काही न विचारता त्या बाकड्यापर्यंत आला. तुम्हाला का दिसत नाही?

बाई : दिसतं, पण आधी पत्ता...

धाकटी : दिसतं? मग मलाच काय विचारताय? मला माहीत नाही मी कुठे आहे. किती वेळा सांगू? त्याच्या तोंडातून रक्त येतंय. तुम्हाला माहीत आहे मी कुठे आहे, आणि तुम्ही विचारताय मला. पत्ता, पत्ता, पत्ता. मी काय सांगतेय ते तुम्ही ऐकतच नाही. वर बसून तुमचं तुम्ही ठरवता. आम्हाला कुणी विचारलं का? एकदा तरी?

सून : अहो, पुरे. हे तुम्ही कुणाला बोलताय?

धाकटी : बाई... चुकलं. खोटा फोन होता तो.

बाई : हो गं. शेवटचं मात्र फोनमधलं नव्हतं.

धाकटी : तोंडातून निघून गेलं.

बाई : निघू दे. मान ठेवू नको म्हणून मीच सांगितलं. असे फोन येतात?

धाकटी : बहुतेक असेच येतात आता. चालत्या गाडीतून, शेतातून, कुठल्यातरी जिन्यावरून.

बाई : मग पत्ता कोण सांगतं?

धाकटी : म्हातारी माणसं, बाई. घरच्या फोनवरून. घर नंबर, मजला, दारावरची पाटी, सगळं. त्यांचा फोन आला की आम्हाला बरं वाटतं.

बाई : माझ्या वयाची.

धाकटी : मी तसं म्हटलं नाही.

बाई : मी म्हटलं.

सून : हे बघा, ही एक अट काढता येईल. पत्त्याची सक्ती काढायची, ठिपका आला तर ठिपका खरा. एवढ्यासाठी सोमवार सोडायची गरज नाही. मी कमिटीला सांगते, किरकोळ दुरुस्ती आहे.

धाकटी : ते एकच नाही, मॅडम.

सून : आणखी काय?

धाकटी : एका अपघाताला आता वीस जण फोन करतात. येणारा-जाणारा प्रत्येक जण. सिस्टिम प्रत्येक फोनची वेगळी नोंद उघडते आणि प्रत्येकाला वेगळी गाडी द्यायला बघते.

बाई : एक फोन, एक गाडी. मीच सांगितलं होतं. आमच्या वेळी फोन होता कुणाकडे? कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे. गावचा फोन तोच करायचा.

धाकटी : आणि ते बटण आहे बघा. 'समोरच्याला चिठ्ठी दिली.' ते दाबल्याशिवाय गाडी निघत नाही.

सून : ते तर सगळ्यांना फार आवडलं होतं. एकीने फोन घ्यायचा, दुसरीने गाडी सोडायची, आणि मधे खात्री म्हणून ते बटण. बाईंनी टेबलं मांडून दाखवली होती आम्हाला. ही इथे, ती समोर, चिठ्ठी सरकवली की नजरेने कळायचं.

धाकटी : समोर कुणी नसतं, मॅडम. आता एकच मुलगी फोन घेते आणि तीच गाडी सोडते. ती स्वतःच बटण दाबते, चिठ्ठी दिली. मग स्वतःच दुसरं दाबते, चिठ्ठी मिळाली.

बाई : समोरासमोरची टेबलं काढली?

धाकटी : केव्हाच. तुम्ही गेलात त्यानंतर थोड्याच दिवसांत.

बाई : मला कुणी सांगितलं नाही.

धाकटी : तुम्ही खाली कधी आलाच नाहीत, बाई. गाडीतून उतरायचात आणि लिफ्टने सरळ वर. पहिल्यांदा आलात तेव्हा मुली उठून उभ्या राहिल्या होत्या. आम्हाला वाटलं, आत डोकावाल. काचेतून तुमची पाठ दिसली.

बाई : नाही आले खरी. निरोप झाला त्या दिवशी खुर्ची मोकळी केली, आणि ठरवलं, पुन्हा तिकडे बघायचं नाही. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं बघवलं नसतं. डोळ्यांसमोर होती तशीच राहू द्यावी म्हटलं.

सून : म्हणजे आम्ही दर पंधरा दिवसांनी, न चुकता, तुमची जुनी खोली बांधत होतो.

बाई : चांगली बांधलीत. मी दर वेळी बघायचे आणि म्हणायचे, अगदी तश्शी. मला वाटायचं, पोरं किती हुशार.

सून : मग आता काय करायचं म्हणताय तुम्ही? आत जाऊन नाही म्हणणार?

बाई : मी नाही म्हटलं तर म्हणतील, म्हातारी ऐन वेळी बावचळली. इतके दिवस मान डोलवत होती, आज काय झालं? या धाकटीने म्हटलं तर म्हणतील, खालच्यांना नवं काही नकोच असतं.

सून : म्हणजे मी.

बाई : मी काही म्हटलं नाही.

सून : तुम्ही न बोलताच जास्त बोलता. तुम्हाला सोपं आहे, आई. तुम्ही घरी जाल. तारीख हलली की खुर्ची माझी जाते. ज्या पद्धतीसाठी मी सगळ्यांशी भांडले, तीच माझ्या तोंडावर मारतील. बघा, म्हणतील, थोडं थोडं दाखवूनसुद्धा तेच झालं.

बाई : सोपं? मला? दर पंधरा दिवसांनी ऑफिसची ती गाडी दाराशी यायची ना, मी आदल्या दिवशीच साडी काढून ठेवायचे. शेजारीण विचारायची, कुठे निघालात? मी म्हणायचे, कामावर. तुझे सासरे गेल्यापासून दुसरं कुठलं वाक्य इतक्या आनंदाने बोलले असेन, तर सांग.

सून : मला माहीत होतं ते. म्हणून तर...

बाई : म्हणून तर काय?

सून : म्हणून मधे एकदा मनात आलं होतं की खालची एखादी मुलगी बोलवावी. तेव्हा नाही बोलावली. तुमची साडी खाटेवर दिसली होती.

धाकटी : मॅडम, तुमचा फोन वाजतोय.

सून : मेसेज आहे. या म्हणतायत.

बाई : मी येऊ?

सून : नको. तुम्ही आलात तर सगळे तुमच्याकडेच बघतील, आणि मी पुन्हा तुमच्या आडोशाला उभी राहीन. मी जाते.

बाई : काय सांगशील?

सून : हिरवा रंग दाखवीन. आणि मग तो हिरवा कुठे जाऊन थांबला ते सांगेन. चहावाल्यासकट.

बाई : आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडशील?

सून : नाही. प्रमुख अजून मी आहे. सोमवारी चालू करायला माझी तयारी नाही, हे मी आधी सांगणार. मग त्यांना माझं काय करायचं ते करू दे.

(सून आत जाते. दार बराच वेळ बंद.)

धाकटी : आवाज चढलाय आत.

बाई : अध्यक्षांचा. तो चढतोच. हिचा येतोय का?

धाकटी : नाही.

बाई : मग बरं चाललंय. ही स्वतःची बाजू सोडते तेव्हा भराभर बोलते. धरते तेव्हा हळू.

धाकटी : बाई, मी आज यायला नको होतं का?

बाई : तू फार आधी यायला हवं होतंस. आणि मी तुला येऊ दिलं पाहिजे होतं. आता तोंड पाडू नकोस. कधीपासून सांगायचं होतं तुला?

धाकटी : त्या दुसऱ्या मेलपासून. लिहायचे आणि पुसायचे. कसंही लिहिलं तरी वाचायला उद्धटच वाटायचं.

बाई : उद्धट लिहायला शिकवायचं राहिलंच माझं. आली बघ ही.

सून : पुढे ढकललं.

बाई : आणि तू?

सून : मला पुढच्या बैठकीपर्यंत ठेवलंय. कारण मधेच कुणाला आणायचं, असा प्रश्न पडला. हिशेबवाल्याने विचारलं, गाडी दारात येऊनही हिरवं कसं? मी म्हटलं, आपण सगळ्यांनी मिळून तसं मंजूर केलं होतं म्हणून.

बाई : अध्यक्ष?

सून : ओरडले. मग म्हणाले, वापरणाऱ्यांच्या वतीने आता कोण? मी लगेच हिचं नाव देऊन आले.

धाकटी : माझं? मला न विचारता?

सून : अं... हो.

बाई : दारातून बाहेर येईपर्यंतसुद्धा दम निघाला नाही गं तुला.

सून : चुकलं. आता विचारते. याल का? दर पंधरा दिवसांनी, बाईंच्या जागी.

धाकटी : नाही, मॅडम.

सून : नाही?

धाकटी : मी एकटी येऊन बसले तर उद्या माझ्याच सवयीची सिस्टिम बनेल. आणि खालच्या नव्या मुली मला घाबरतात, मी बाईंना घाबरत होते तशा. तुम्हीच खाली या. लॅपटॉप घेऊन या. ज्या शिफ्टला जी असेल तिच्या शेजारी बसा. दोन फोनांच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात दाखवा. कधी अर्धवट राहील, फोन आला तर. चालेल?

सून : त्याला डेमो म्हणता येणार नाही.

धाकटी : नका म्हणू.

सून : ठीक आहे. चष्मेवाल्याला सांगते. त्या मेलखालची ओळही काढायला सांगते. आई, गाडी सांगू का तुमच्यासाठी? घरी सोडेल.

बाई : सांग. नाही, थांब. धाकटे, तुझी शिफ्ट कधी?

धाकटी : आता लागेलच. मी घरून लवकर निघाले होते.

बाई : खाली नवीन माणूस बसलं तर अडचण होते का?

धाकटी : कोण माणूस?

बाई : मी.

धाकटी : अडचण कसली, बाई. भिंतीकडे एक स्टूल आहे. कानाला लावायला हेडफोन देते. फक्त...

बाई : फक्त काय? बोल. आता काय राहिलंय?

धाकटी : मुली फोनवर असताना मधे बोलायचं नाही. गोष्टसुद्धा नाही.

सून : हे जमायचं नाही, सांगून ठेवते.

बाई : तू गप बस. नाही बोलणार. मुली उठून उभ्या राहायला लागल्या तर?

धाकटी : नाही राहणार. फोन सोडून उठता येत नाही आता.

बाई : बरं झालं. चल मग.

धाकटी : चला. तुम्ही आधी, बाई.

बाई : नाही. तू हो पुढे.